शून्याच्या खान्यातले गणपतकाका

१९६३ साली मी एकवीस वर्षांचा होतो, भिलाईच्या पोलाद कारखान्यात कामाला. मिशी नुकती जमली होती, आणि मरोद्यापासून भट्टीपर्यंत आपल्याइतका शहाणा माणूस दुसरा नाही असं माझं ठाम मत होतं. मत आजही तेच आहे. वाद घालणारे मात्र एकेक करून निघून गेले. शाळा म्हणाल तर चौथी, आणि तीही पुरती झाली असं आमचे मास्तर काही कबूल करत नसत. तरी हे मी माझ्या हातानं लिहितो आहे. नातू म्हणाला, "आजोबा, आप बोलते जाओ, मैं टाइप कर देता हूँ." मी म्हटलं, काही गरज नाही. तू टाइप करशील तर मधेच मला सुधारशील, आणि या वयात मला सुधारायचं नाही.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, मरोद्यात, कारखान्याच्या वसाहतीत. वडिलांना आम्ही बा म्हणायचो, आईला माय, आणि माझ्या पाठची बहीण शांता. कारखाना तेव्हा अर्धा चालू आणि अर्धा उभा राहत होता, त्यामुळे शांतता म्हणजे काय ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. भोंगा, क्रेनची घंटा, लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज, हे सगळं घरातल्या माणसासारखं झालं होतं. एखाद्या दिवशी थांबलं तर माय घाबरून बाहेर येऊन बघायची. भट्टीतली तापलेली मळी बाहेर ओतली की आभाळ लाल व्हायचं, आणि मायनं पाळलेला कोंबडा उजाडलं समजून आरवायचा. संध्याकाळी आरवायचा, मध्यरात्री आरवायचा, त्याला काही धरबंधच राहिला नाही. शेजारी तक्रार करायचे. बा म्हणायचा, "त्याले काही बोलू नका. तो बी शिफ्टमधी हाय."

मायच्या हाताला चव होती. अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, आणि वांग्याची भाजी तर अशी की फोडणी पडली की गल्लीतली माणसं बोलता बोलता थांबायची. त्यात ती काय घालायची ते तिनं शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही. माझ्या बायकोनं पुष्कळ वर्षं तिच्या मागं लागून पाहिलं, शेवटी रागावून तिनं वांगीच आणणं बंद केलं.

भिंतीला भिंत लागून गणपतकाकांचं क्वार्टर होतं. काका आणि बा एकाच दिवशी, एकाच गाडीनं, एकाच पत्र्याच्या पेटीवर बसून भंडाऱ्याकडून भिलाईला आले. दोघं रिगर, म्हणजे दोर-कप्प्या लावून लोखंडाच्या तुळया वर चढवणारे. एक वर, एक खाली, आणि मधे दोर. वरच्याचा जीव खालच्याच्या मुठीत. अशा कामात दोन माणसांचं जे होतं ते सख्ख्या भावांचंही होत नाही. पण काका कुणबी, आणि आम्ही गाव सोडायच्या आधीच दीक्षा घेतलेले बौद्ध. काका रोज आमच्याकडे यायचे, बुद्धाच्या तसबिरीखाली भिंतीला टेकून बसायचे, बाच्या चंचीतली तंबाखू आपल्या हातानं काढून घ्यायचे. पेरू दिला तर खायचे, फुटाणे खायचे. पण चुलीवरचं काही पुढं आलं की हात जोडायचे. "आताच जेऊन आलो, वैनी." कोणतीही वेळ असो, आताच जेऊन आलो. दुपारी तीन वाजता आताच जेऊन आलो, पहाटे ड्युटीवर जाताना चहा पुढं केला तरी आताच जेऊन आलो. कारखान्यातही दोघं शेजारी बसून डबा खायचे, पण काका थोडे तोंड फिरवून बसायचे. बा यावर कधी एक शब्द बोलला नाही. बा बोलायचा नाही तेव्हा मला त्याची जास्त भीती वाटायची.

माझं काम प्रयोगशाळेत. भट्टीतून लोखंडाचा नमुना काढला की तो धावत लॅबमध्ये पोचवायचा. त्यात कोळसा किती, गंधक किती, मँगनीज किती ते तिथले केमिस्ट सांगायचे. मी बाहेरच्या गरमीतून आत शिरलो की तेजाबाचा वास नाकात जायचा आणि समोरच्या भिंतीवर तो तक्ता दिसायचा. मोठा, रंगीत, चौकोनच चौकोन, प्रत्येक चौकोनात एकदोन अक्षरं. तो आणला होता वेराबाईनं. वेराबाई रशियन केमिस्ट. उंच, केस रुमालात बांधलेले, हसली की सोन्याचा दात चमकायचा. मला ती 'सुखदेफ' म्हणायची. तिच्यासोबत दुभाषे मिश्राजी असायचे. ती रशियन बोलायची, ते हिंदी करायचे. नमुना तपासून होईपर्यंत मला थांबावं लागायचं, आणि मी नुसता थांबणारा माणूस नाही. विचारत सुटायचो. हे काय, ते काय, हे इथंच कावून, कशासाठी बसलं?

वेराबाईला माझ्या विचारण्याचा कंटाळा नव्हता. तिनं सांगितलं की तिच्या देशात एक दाढीवाला पंडित होऊन गेला. त्यानं जगातली सगळी मूळद्रव्यं, लोखंड, तांबं, सोनं, गंधक, पारा, सगळी पत्त्यांसारखी मांडली. हलक्यापासून जडापर्यंत रांगेत बसवत गेला, तर काही अंतरानं पुन्हा पुन्हा तोच स्वभाव समोर येऊ लागला. मग त्यानं सारख्या स्वभावाचे एकाखाली एक घेतले. आणि जिथं जुळेना तिथं ओढून-ताणून कोणाला बसवलं नाही. जागा रिकामी सोडली आणि म्हणाला, इथला अजून यायचा आहे, आला की असा असेल, वजनाला एवढा असेल. लोक हसले. पुढं त्याच्या डोळ्यांदेखत एकेक जण सापडत गेला, आणि अगदी त्यानं सांगितला तसा निघाला. मला हे फार म्हणजे फार आवडलं. न आलेल्या पाहुण्याची पत्रावळ मांडून ठेवणारा माणूस! आमच्या बाला भेटला असता तर दोघांचं जमलं असतं.

मग तिनं तक्त्याच्या कडेचा उभा खाना दाखवला. त्याच्या डोक्यावर शून्य लिहिलं होतं. पंडितानं सगळी पंगत बसवल्यावर हवेतून ही एक नवीच टोळी निघाली, म्हणाली. त्यांना जागाच नव्हती. पंडित आधी मानायला तयार नव्हता, मग हो-ना करत कडेला त्यांच्यासाठी एक नवा खाना जोडला गेला. मी विचारलं, शून्य कशाला? मिश्राजींनी बाईचं ऐकून घेतलं, जरा ताठ झाले आणि म्हणाले, "ये कुलीन गैसें हैं. ऊँचे खानदान की. किसी से मिलती नहीं, किसी को छूती नहीं."

"म्हणजे सोवळ्यातले!" मी ओरडलो, आणि इतका हसलो की नमुन्याचा डबा हातातून पडला. मिश्राजी लाल झाले. वेराबाईला कळायला हवं होतं की काय झालं, आणि मिश्राजींना सोवळं हा शब्द रशियनमध्ये सांगता येईना. ते बराच वेळ हातवारे करत बोलले. बाईनं कपाळाला आठ्या घालून ऐकलं आणि शेवटी विचारलं, म्हणजे फार आंघोळ करणारे?

माझा नातू आता म्हणतो की तो शब्द चुकीचा होता. आजोबा, वो अक्रिय गैस है. असेल. पण मिश्राजींनी चुकून का होईना, मला जे समजावलं ते अक्रिय म्हणून समजलं नसतं.

संध्याकाळी घरी येऊन मी हे सगळं रंगवून सांगितलं. काका भिंतीला टेकून तंबाखू मळत होते. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघत म्हणालो, "तर काका, असा एक खाना हाय. कोणात बसत नाही, कोणाचं खात नाही. त्यातल्या एकाचं नाव झेनॉन. तुमच्यासारखा दिसत असन."

मला वाटलं काका ओशाळतील. काका खूश झाले! "पाय, सुक्या," म्हणाले, "तूच सांगितलं. शास्त्रात बी हाय. त्या झेनॉनचं कोणाशी भांडण हाय का? नाही. वैर हाय का? नाही. नुसता त्याचा स्वभाव हाय. मी तुह्या बापाले भाऊ मानतो, पण माहा खानाच तो हाय, आता काय करता!" आणि त्या दिवसापासून कोणी जेवणाचं विचारलं की काका आताच जेऊन आलो म्हणायच्या ऐवजी म्हणायचे, "मी शून्याच्या खान्यातला."

गल्ली हसायची. बा हसायचा नाही. आणि मला आतून चीड यायची, कारण दारूगोळा मीच नेऊन दिला होता. दुसऱ्या दिवशी मी वेराबाईला विचारलं, हे नक्की आहे का, की हे कोणाशीच मिसळत नाहीत? तिनं खांदे उडवले. पुष्कळांनी प्रयत्न केला, म्हणाली, आजवर कोणाला जमलं नाही. मी म्हटलं, अजून करा. मिश्राजींनी हे भाषांतर केलं की नाही कोण जाणे.

अशात शांताचं लग्न ठरलं. मुलगा रेल्वेत, गोंदियाचा, चांगलं घर. मायच्या डोळ्याला डोळा लागेना, एवढं काम. आणि बानं एका संध्याकाळी, काका बसलेले असताना, सरळ सांगितलं, "गणपत, शांताच्या पंगतीत तू माह्या बाजूले बसशीन, तवाच मी बसन. नाही तर मी उभाच राहीन."

काका हसण्यावारी न्यायला गेले. "अरे लक्ष्मणभाऊ, मी त सकाळपासून राबीन. मांडव घालीन, पाणी भरीन..."

"ते तू करशीनच. मी बसायचं बोलून राहिलो."

काकांनी तंबाखू तोंडात टाकली आणि उठून गेले. त्या दिवसानंतर घरात सगळ्यांच्या डोक्यात एकच, बा बसणार की उभा राहणार. मायनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुह्या बाले मी ओळखते. तो उभा राहीन. पोरीच्या लग्नात बाप उपाशी उभा राहिला त मी कोणत्या तोंडानं वाढू?"

लग्नाला दोनचार दिवस उरले असतील. मी नमुना घेऊन लॅबमध्ये शिरलो तर काम सोडून सगळे केमिस्ट तक्त्यापाशी गोळा झालेले. वेराबाईच्या हातात रशियाहून आलेलं मासिक, सोन्याचा दात पूर्ण उघडा, आणि ती एकटीच सगळ्यांच्या वर बोलत होती. मला बघितल्यावर तिनं गर्दीतून हात धरून पुढं ओढलं. "सुखदेफ! झेनॉन!" मिश्राजींचा चेहरा पाहण्यासारखा होता. म्हणाले, "मिल गया. परदेश में किसी मास्टर ने मिला दिया. फ्लोरिन के साथ." बाई स्टुलावर चढली आणि लाल पेन्सिलीनं तिनं त्या शून्यापुढं हे एवढं मोठं प्रश्नचिन्ह काढलं. म्हणजे इतकी वर्षं सगळ्या जगानं पाठ केलं की हा कोणाशी मिसळतच नाही, आणि तो मिसळला! इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हा झाला नव्हता. मी मिश्राजींना मिठी मारली. त्यांनी मारू दिली, हे इथं नमूद करतो.

ड्युटी संपल्या संपल्या मी सायकल हाणत काकांकडे. काका दारात दोर वळत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे विचारलं, "कोणाशी मिसळला म्हंतं?"

"फ्लोरिनशी."

"तो कसा हाय?"

"लई जहाल. काच बी खाते. ज्याले पकडन त्याले सोडत नाही."

"मंग त्यानं बळजबरी केली असन," काका म्हणाले. "माह्यावर कोण बळजबरी करन? तुहा बाप त गरीब माणूस हाय." आणि दोर वळत राहिले. मी तिथून उठलो तेव्हा माझी मिशी खाली पडल्यासारखी झाली होती.

लग्न दुपारी झालं. क्वार्टरांच्या मधल्या मैदानात मांडव. वंदना झाली, हार घातले गेले, शांता रडली आणि लगेच हसली. काका पहाटेपासून राबत होते. मांडवाची एकूणएक गाठ त्यांची होती आणि वारा आला तरी एकही हलली नाही. मग सतरंज्या अंथरल्या, पत्रावळी मांडल्या. भात, वरण, कढी, आलू-वांगं, बुंदी. वाढून झालं. नवऱ्या मुलाचे वडील चांगले माणूस, म्हणाले, आपल्यात आता वरचा-खालचा पक्ष नाही, व्याही माझ्यासोबत बसतील तेव्हाच मी घास उचलीन. सगळी पंगत बाच्याकडे बघू लागली. बा काकांकडे बघू लागला. आपल्या बाजूची पत्रावळ त्यानं रिकामी ठेवली होती, भरलेली पण माणसाविना रिकामी. काका पाण्याची बादली घेऊन उभे. म्हणाले, "तुम्ही बसा ना. मी आताच जेऊन आलो."

बा उभाच. भाताची वाफ कमी होऊ लागली. गोंदियाकडच्या मंडळींत कुजबूज सुरू झाली. माय वरणाचं पातेलं धरून थिजलेली. मला राहवेना. मी ओरडलो, "काका, झेनॉन बसला! जगातला शेवटचा सोवळा बसला, आता तुमीच उरले!" काही जण हसले, पण काका हलले नाहीत. बादली धरून तसेच. चेहऱ्यावर एक वेगळंच दुःख होतं, ते मला तेव्हा दिसलं नाही, आज दिसतं. त्यांना बसायचं होतं. कसं बसायचं, ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. काकू. गणपतकाकांची बायको, चार लोकांत कधी तोंड न उघडणारी बाई. "काय जेऊन आले जी? मी त सकाळपासून चूल पेटवली नाही."

काका म्हणाले, "तू चूप राय."

"कावून चूप राहू? वरीस झालं चूपच हाय." काकू आता पुढं आली होती, पदर खोचलेला. "मले ताप आला होता, तवा वैनीनं भाजी देली होती. ती तुमच्या डब्यात घातली. तुम्ही घरी येऊन म्हणले, आज भाजी झकास होती. मंग मी काय करू? तवापासून भाकर माही अन् भाजी वैनीची. मी इकडं ताक देते, वैनी तिकडून भाजी देते. ते अंबाडी कोणाची वाटली तुमाले? ते जवसाची चटणी?"

मी मायकडे बघितलं. माय पातेल्यात बघत होती, जसं काही वरणात काही लिहिलेलं आहे. काकांची बादली जमिनीवर टेकली. त्यांनी बाच्याकडे पाहिलं. "लक्ष्मण, तुले मालूम होतं?"

"रोज तू माह्या बाजूले बसून डबा उघडतं," बा म्हणाला, "अन् रोज तुह्या डब्यातून माह्या घरचा वास. मले नाक नाही का?"

"मंग बोलला कावून नाही?"

"चोरून खाल्लेलं जेवण नसते, गणपत. मले तू जेवलेला पाहायचा होता."

एवढंच बोलला. त्या मैदानात मी पुढं कितीतरी लग्नं पाहिली, भाषणं ऐकली, पण त्यापेक्षा मोठं बोलणं ऐकलं नाही. काकांनी धोतराला हात पुसले, पंगतीतून वाट काढत आले, बाच्या बाजूच्या पत्रावळीपुढं मांडी घातली. पहिला घास आलू-वांग्याचा घेतला. अख्खा मांडव त्यांच्या जबड्याकडे बघत होता. गिळून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि मायला म्हणाले, "वैनी, हे बरं हाय. परवाच्या डब्यात मीठ जास्त झालं होतं."

मांडव असा हसला की मायचा कोंबडा कुठूनसा आरवला. बा खाली बसला. व्याह्यांनी घास उचलला. माय रडत रडत वाढत होती आणि ज्याच्या-त्याच्या पानात बुंदीवर बुंदी पडत होती. गणपतकाका तीनदा भात घेऊन उठले आणि उठताना म्हणाले, "सुक्या, तुह्या त्या बाईले सांग, खाना बदलला." काकू त्यांच्यामागून चालली होती, ती पुन्हा नेहमीसारखी गप्प, पण चालणं वेगळं होतं.

शांता संध्याकाळच्या गाडीनं गेली आणि घर एकदम मोठं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून, ड्युटीचे कपडे घालून, घरातला चहा तसाच ठेवून निघालो. माय म्हणाली, कुठं? मी काकांच्या क्वार्टरच्या दारात पायताण काढलं. त्या घरात मी तोवर उंबऱ्याच्या आत गेलो नव्हतो. कोणी अडवलं नव्हतं, मीही गेलो नव्हतो, असंच चाललं होतं. काका तोंड धूत होते, त्यांनी बघितलं. मी सरळ चुलीपाशी गेलो, भिंतीला टेकवलेला पाट ओढला, त्यावर मांडी घातली आणि म्हटलं, "काकू, भूक लागली. वाढा."